सिनिअरचं ऑफिस सोडताना: ज्युनिअर वकिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा कोर्टात वकिली करतो. सनद मिळाल्यावर सहा वर्षं एका साहेबांच्या ऑफिसात काढली. तिथून बाहेर पडलो त्यालाही आता चौदा वर्षं होतील. बाररूममध्ये चहा घेताना ज्युनिअर पोरंपोरी शेजारी येऊन बसतात, बोर्डाबद्दल (म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीबद्दल), बदलून आलेल्या न्यायाधीशांबद्दल बोलतात आणि मग आवाज खाली आणून मूळ विषय काढतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

इथे 'सिनिअर' म्हणजे ज्यांच्या हाताखाली आपण काम शिकलो ते. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १६ प्रमाणे नेमले जाणारे 'सिनिअर ॲडव्होकेट' निराळे. त्यांच्याबद्दल पुढे एका ठिकाणी आहे.

किती वर्षं थांबावं?

एक दिवाणी दावा दाखल करण्यापासून हुकूमनाम्यापर्यंत चालवला की सोडावं, असं जुने लोक सांगायचे. आपल्याकडच्या तारखा पाहता या हिशेबाने माणूस साहेबांच्याच ऑफिसात म्हातारा व्हायचा. म्हणून दावा एकच नसला तरी चालेल, पण वेगवेगळ्या प्रकरणांतून सगळे टप्पे एकेकदा हाताखालून गेलेले असावेत: दावा लिहिणं, मनाईच्या अर्जावर युक्तिवाद, कैफियत (म्हणजे दाव्याला लेखी उत्तर), पुरावा, अपील. यात मी सगळ्यात जास्त वजन उलटतपासाला देतो. साहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेत, साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, न्यायाधीश तुमच्याकडे बघतायत आणि तुम्ही मुदतीचा अर्ज न देता उलटतपास घेतलात, असं तीन-चार वेळा झालं असेल तर वर्षं मोजत बसू नका. कुणाला त्याला तीन वर्षं लागतात, कुणाला सात.

वेळ आली हे ओळखायचं कसं?

अशील साहेबांऐवजी तुम्हाला फोन करायला लागले, ही खूण समजू नका. साहेब फोन उचलत नाहीत म्हणून ते तुम्हाला करतात.

माझ्यापुरती खूण वाटपाच्या एका दाव्यात सापडली. बहिणीचं लग्न १९९४च्या आधी झालेलं होतं. आपल्या महाराष्ट्राने मुलींना सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनच्या वाट्याचा, हक्क देणारी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची ती अट नाही. मी दोन रात्री बसून टिपण केलं आणि साहेबांसमोर ठेवलं. ते म्हणाले, "चौऱ्याण्णवच्या आधीचं लग्न ना? मग विषय संपला. आपण असं मांडत नाही." मुद्दा त्या काळी वादातलाच होता, त्यामुळे ते नाही म्हणाले याचं काही वाटलं नाही. टिपण न वाचता बाजूला सारलं, तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यानंतर दोन महिन्यांनी तशाच दुसऱ्या प्रकरणात मी टिपण केलंच नाही. साहेबांना पटणार नाही, हे डोक्यातल्या डोक्यात ठरवून पुस्तक मिटलं. घरी जाताना लक्षात आलं की आता आपण कायदा वाचत नाही, साहेबांचा चेहरा वाचतोय. सोडायचं मी त्या संध्याकाळी ठरवलं.

(मुलगी जन्मानेच सहदायिक होते आणि २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तो निकाल वाचताना साहेबांना फोन करावासा वाटला होता. केला नाही.)

पैसे पुरत नाहीत म्हणून सोडलं तर लोक काय म्हणतील?

पोराला धीर नाही, असं म्हणतील. बहुतेक करून ज्यांच्या घरी शेती किंवा वडिलांचंच ऑफिस होतं तेच म्हणतील. महिन्याला तुटपुंज्या पाकिटावर पाच वर्षं काढणं ज्याला परवडतं त्याला धीर धरणं सोपं जातं. खोलीचं भाडं भरून गावाकडे पैसे पाठवणाऱ्याने तोच धीर कुठून आणायचा?

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. आमच्या बारमध्ये ते परिपत्रक मोबाइलवर पुष्कळ फिरलं आणि पाकिटं होती तेवढीच राहिली.

सोडण्याआधी एकदा तोंड उघडून मागा मात्र. बरेच ज्युनिअर कधी मागतच नाहीत आणि साहेबांचा समज असतो की पोरगं घरचं बरं आहे, शिकायला येतंय. मागूनही नाही मिळाले तर कारण म्हणून पैसेच सांगा. 'स्वतंत्र विचार करायचा आहे' वगैरे सांगितलंत की साहेब तुमच्याशी तासभर स्वतंत्र विचारांवर बोलतील.

साहेबांना सांगायचं कसं?

संध्याकाळी शेवटचा अशील उठून गेल्यावर, ऑफिसात, बसून. व्हॉट्सॲपवर नाही, कोर्टाच्या आवारात नाही, बाहेरगावच्या तारखेला जाताना गाडीत तर नाहीच. कारण पुढचे दोन तास दोघांनाही उतरता येत नाही.

मी स्वतः हे चुकवलं. कोर्टाच्या जिन्यात, साहेब तिसऱ्या मजल्यावर युक्तिवादाला निघालेले असताना म्हटलं, "साहेब, पुढच्या महिन्यापासून वेगळं बसायचं म्हणतोय." ते "बरं" म्हणाले आणि जिना चढून गेले. त्या महिनाभरात त्यांनी मला एकही काम सांगितलं नाही. मी रोज जाऊन खुर्चीत बसायचो आणि कारकून चहा आणून द्यायचा.

उन्हाळी सुट्टीच्या दीड-दोन महिने आधी सांगितलं तर बरं पडतं. सुट्टीत तारखा नसतात, फाईली शांतपणे हाती सोपवता येतात आणि जून महिन्यात तुम्ही नव्या जागी, साहेबांकडे नवा ज्युनिअर. जाताना प्रत्येक चालू प्रकरणाचं एकेक पान द्या: पुढची तारीख, कशासाठी आहे, कोणते कागद यायचेत, कुणाची किती फी बाकी. साहेबांच्या मागोमाग कारकुनाला सांगा. त्याला आधीच कळलेलं असतं, पण तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. नावाची पाटी या सगळ्यानंतरच टाका. पाटीवाल्याकडे ऑर्डर गेली की संध्याकाळपर्यंत बारभर होतं.

अशील म्हणतोय, 'मी तुमच्याबरोबरच येणार.' घेऊ का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरूनच होतात.

अशील कुणाच्या मालकीचा नसतो. तुमच्या नाही, तसा साहेबांच्याही नाही. वकील बदलायचा हक्क त्याला आहे. पण वकिलावर बंधनं आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३९ प्रमाणे ज्या प्रकरणात आधीच दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र दाखल आहे, तिथे त्याच्या संमतीशिवाय उभं राहता येत नाही. संमती मिळत नसेल तर कारण देऊन कोर्टाकडे अर्ज करायचा आणि कोर्टाने परवानगी दिल्यावरच हजर व्हायचं. दुसरा नियम ३६. कामासाठी गळ घालणं, मग ते जाहिरातीने असो, माणूस पाठवून असो किंवा स्वतः बोलून, त्याला या नियमाने मनाई आहे. ऑफिस सोडायच्या आठवड्यात साहेबांच्या अशिलांना एकेक करून फोन लावणं मला तरी या नियमात बसतं असं वाटतं, मग बोलणं कितीही गोड असो.

आता कागदावर येत नाही तो भाग. 'तुमच्याबरोबर येतो' म्हणणाऱ्या दहांतले तीन-चार खरंच तुमच्या कामावर खूश असतात. एक-दोघांना तुम्ही त्यांच्या गावचे किंवा पाहुण्यातले म्हणून सोयीचे वाटता. उरलेल्यांची साहेबांकडे फी थकलेली असते आणि नवा वकील म्हणजे नवी वही असा त्यांचा हिशेब असतो. माझ्याबरोबर पहिल्या महिन्यात पाच जण आले. त्यांतल्या दोघांनी माझीही फी बुडवली.

म्हणून माझा सल्ला असा: जो येतो म्हणेल त्याला आधी साहेबांकडे पाठवा. 'तुम्ही स्वतः जाऊन सांगा, बाकी असेल ती फी द्या, त्यांची सही आणा, मग बघू.' खरा असेल तो जातो. कच खाणारा परत तोंड दाखवत नाही आणि तुमचं काहीच जात नाही. पहिली दोन वर्षं सुनी जातील या भीतीने मी हे केलं नव्हतं.

साहेब ना हरकत देत नाहीत, फाईलही देत नाहीत. मग?

ना हरकत देत नसतील तर वर सांगितल्याप्रमाणे कोर्टाची परवानगी. फाईलचं उत्तर सरळ आहे: फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय. फीची वसुली वेगळ्या मार्गाने. पण कागद अशिलाचे आहेत, तेव्हा मागायला अशीलच जाऊ द्या. तुम्ही दारात उभे राहिलात की गोष्ट कागदांची राहत नाही.

बरेचदा भांडायची गरजही पडत नाही. कोर्टातून नकला काढा. चार पैसे जातात, पण संबंध टिकतात.

वकीलपत्रांवर साहेबांच्या नावाखाली माझंही नाव आहे. त्याचं काय करायचं?

हे विसरणारे पुष्कळ आहेत. ऑफिसच्या छापील वकीलपत्रावर तुम्ही सह्या करत गेलात, त्या सगळ्या प्रकरणांत तुम्ही आजही रेकॉर्डवर आहात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे अशिलाच्या किंवा वकिलाच्या सहीच्या लेखाने, कोर्टाच्या परवानगीने ते संपवावं लागतं. नुसतं ऑफिस सोडल्याने संपत नाही. यादी करा, अशिलाला कळवा, कोर्टात पर्सिस (लेखी निवेदन) द्या. साहेब दुसरीकडे अडकले आणि कोर्टाने तुमच्या नावाने पुकारा केला, तर 'मी तिथे नसतो आता' हे उत्तर रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) फार वाईट दिसतं. ई-कोर्टाचे मेसेज तुमच्या मोबाइलवर येत असतील तर तेही बदलून घ्या. मला साहेबांच्या तारखांचे मेसेज वर्षभर येत होते. खरं सांगायचं तर मी ते मुद्दामच बंद केले नव्हते.

त्यांच्या ऑफिसातले मसुदे बरोबर न्यावेत का?

मसुद्याची बांधणी, शब्द, क्रम हे सगळं तुमच्या हातात बसलंय, ते काढून ठेवता येणार नाही आणि ठेवूही नये. मी आजही कैफियतीचा पहिला परिच्छेद साहेबांच्याच चालीवर लिहितो. पण ज्यात अशिलांची नावं, गट नंबर, घरातली भांडणं आहेत अशा फाईलींनी भरलेला पेनड्राइव्ह नेऊ नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं गुप्त ठेवायचं बंधन काम संपल्यावरही राहतं.

त्यांच्याच विरुद्ध उभं राहायची वेळ आली तर?

येणारच. जिल्ह्याच्या गावात वकील किती आणि कोर्टं किती!

एक मर्यादा पक्की आहे. ज्या प्रकरणात तुम्ही साहेबांच्या ऑफिसात असताना सल्ला दिलात, दावा किंवा कैफियत लिहिलीत किंवा हजर राहिलात, त्यात समोरच्या पक्षाकडून उभं राहता येत नाही. नियम ३३ तेच सांगतो. समोरचा दुप्पट फी देत असला तर ती कशासाठी देतोय हे ओळखा.

बाकी नव्या प्रकरणात बिनधास्त उभे राहा. मुंबई हायकोर्टात सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरची परंपरा मोठी. नानी पालखीवाला तिथे घडले आणि एच. एम. सीरवाई त्याच चेंबरचे. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे पालखीवाला याचिकाकर्त्यांकडून आणि सीरवाई केरळ सरकारकडून उभे होते. ६८ दिवस सुनावणी चालली, २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल लागला. एकाच घरात शिकलेले दोघं देशाच्या राज्यघटनेवर समोरासमोर भांडले. आपण बांधाच्या दाव्यात साहेबांसमोर उभं राहताना घाम पुसतो! पालखीवालांचं मला आणखी एक आवडतं. प्राप्तिकरावरचा तो जाडजूड ग्रंथ १९५० साली आला तो कांगा आणि पालखीवाला अशा दोन नावांनी, आणि आजही वकील त्याला त्याच जोडनावाने ओळखतात.

व्यवहारातलं सांगतो. साहेबांसमोर पहिल्यांदा उभे राहाल त्या दिवशी कोर्टात जाण्याआधी त्यांना बाररूममध्ये भेटून नमस्कार करा. आत गेल्यावर 'माय लर्नेड फ्रेंड' म्हणायला जीभ वळत नसेल तर 'समोरचे विद्वान वकील' म्हणा. पण मुद्दा सोडू नका. साहेबांची सवय तुम्हाला माहीत आहे: अडचणीच्या निकालावर ते न्यायाधीशांना दुसरं पान उघडायला लावतात. पहिलंच पान उघडं ठेवा. बाहेर आल्यावर ते रागावणार नाहीत, हे मी अनुभवावरून सांगतो.

न्यायाधीश परीक्षेला बसायचंय. सोडलं तर प्रमाणपत्राचं काय?

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. वकिली केल्याचं प्रमाणपत्र तुमच्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं आणि त्यावर त्या अधिकाऱ्याचा शेरा. म्हणजे तुमच्या साहेबांची सही उपयोगी आहे, पण तेवढ्यासाठी त्यांच्याकडेच अडकून पडायचं कारण नाही. तुमचं काम पाहिलेले दहा वर्षांवरचे दुसरे वकीलही देऊ शकतात. वेगळे झालात तर आपल्या नावाने केलेल्या हजेऱ्यांच्या नोंदी जपून ठेवा. आणि अर्ज भरताना जाहिरातीत काय मागितलंय तेच शेवटचं.

मुंबईत साहेबांकडे आहे. कोल्हापूरला परत यावंसं वाटतं. हा पळपुटेपणा तर नाही?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिकडे आलं. त्यामुळे हा प्रश्न आता वरचेवर येतो. पूर्वी मुंबई सोडणं म्हणजे हायकोर्ट सोडणं होतं, ते आता नाही. मुंबईच्या साहेबांशी बोलून या. तुमच्या भागातली अपिलं त्यांच्याही ऑफिसात आहेत, तिथे उभं राहायला त्यांना माणूस लागणारच. ज्या साहेबांचं ऑफिस तुम्ही सोडताय, तेच तुमचं पहिलं ब्रीफ पाठवतील अशी शक्यता सगळ्यात जास्त इथेच आहे.

ऑफिसात त्रास होतोय: अपमान, अंगाशी लगट करणं, रात्री-अपरात्री बोलावणं.

वरचं काहीही पाळू नका. ना निरोप, ना मुदत. आजच बाहेर पडा, विश्वासाच्या कुणाला तरी सांगा, मेसेज पुसू नका. पोलिसांत जाता येतं, आणि गैरवर्तनाबद्दल ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रारही करता येते. 'गुरू आहेत' हे ऐकवायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

साहेबच निघून गेले तर?

सिनिअर ॲडव्होकेट म्हणून नेमणूक झाली की त्यांना वकीलपत्र दाखल करता येत नाही, थेट अशिलाकडून काम घेता येत नाही. मग चालू फाईली बहुधा ज्युनिअरांकडे येतात आणि तयारी असो-नसो, एका दिवसात ऑफिस तुमचं होतं. न्यायाधीश झाले तरी तसंच. वारले तर मात्र आधी घरच्यांना भेटा, फाईलींचं तेराव्यानंतर.

सोडून वर्ष झालं, साहेब अजून बोलत नाहीत.

तुम्ही जाता का? दिवाळीला, गुरुपौर्णिमेला, त्यांच्या घरी काही असेल तेव्हा? अवघड प्रकरणात 'साहेब, इथे काय करू' असं विचारायला? ते बोलत नाहीत म्हणून तुम्ही जात नाही आणि तुम्ही जात नाही म्हणून ते बोलत नाहीत, असं चाललेलं असतं. माझं तीन वर्षं चाललं. मग एका मुदतीच्या कायद्याच्या मुद्द्यावर अडलो आणि सरळ त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी 'बस' म्हणायच्या आधी कपाटातलं पुस्तक काढलं.

पण सगळेच साहेब असे नसतात. काहींना तुमचं जाणं कायमचं लागतं. चार वेळा जाऊन पाहा, पाचव्यांदा नाही गेलात तरी चालेल.

आता माझाच ज्युनिअर सोडून चाललाय. काय करू?

गेल्या उन्हाळ्यात माझी ज्युनिअर गेली. पाच वर्षं होती. संध्याकाळी अशील गेल्यावर खुर्ची ओढून बसली तेव्हाच कळलं. तिने तारखांची यादी पुढे ठेवली, फीच्या बाकीसकट. मी यादी वाचत राहिलो, म्हणजे वर बघायला नको. मग म्हटलं, पाटी कुणाकडे टाकलीस? ती म्हणाली, अजून टाकली नाही सर, आधी तुम्हाला सांगायचं होतं.

जिन्यात माझे साहेब 'बरं' का म्हणाले होते, ते तेव्हा कळलं. एवढंच सुचतं. मी ना हरकतीच्या सह्या त्याच दिवशी करून दिल्या, कारण दुसऱ्या दिवशी मन बदललं असतं. तिची एक केस सध्या माझ्यासमोर आहे, पुढची तारीख सतरा. उलटतपास ती घेणार आहे.